वूफर जळाला! असेंबल अ‍ॅम्पला स्पीकर प्रोटेक्शन कसं बसवावं?

इंदिरानगरकर | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, गणपती बसायला बारा दिवस आहेत म्हणून आज दुपारी सोसायटीचा अ‍ॅम्प काढला, धूळ झटकली, आणि अर्ध्या तासात एक वूफर (खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) घालवून बसलो.

अ‍ॅम्प आठ वर्षांपूर्वी मीच असेंबल केलेला. ३०-०-३० चा ५ अ‍ॅम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर, रेल, म्हणजे सप्लायच्या दोन वायरी, अधिक-उणे ४२ व्होल्ट. प्रत्येक चॅनेलला ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या. एवढ्या वर्षांत कधी कुरकुर नाही. आज आवाज फार नव्हता, भीमसेनजींचा एक अभंग लावला होता. मधेच डाव्या बाजूने 'धप्' झालं आणि स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पुढे येऊन तिथेच थांबला. मला वाटलं पिन हलली, म्हणून मागे जाऊन पिन दाबत बसलो. तेवढ्यात वार्निश जळल्याचा वास. बटण बंद करेपर्यंत डस्ट कॅपमधून धूर.

मीटर लावला. एक ५२०० कलेक्टर-एमिटर शॉर्ट, ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टर काळा पडलेला, वूफरची कॉईल ओपन, म्हणजे तुटलेली. १२ इंची, ८ ओहम, जोडीतला एक. नवीन साडेतीन हजारांना. आणि गंमत म्हणजे रेलमधला ५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज शाबूत! त्याला काय झालं होतं?

अ‍ॅम्प दुरुस्त होईल. पण परत असं होऊ नये म्हणून प्रोटेक्शन बसवायचं आहे. तयार बोर्ड घेऊ की स्वतः करू? सोल्डरिंग येतं, सर्किट वाचता येतं, गणित कच्चं आहे.

---

मिसळप्रेमी | रविवार, रात्री ११:३२

श्रद्धांजली. 😔
स्पीकरच्या वायरीत ३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज लाव, झालं काम. एवढा विचार कशाला?

---

जुना_मिस्त्री | सोमवार, सकाळी ६:५०

इंदिरानगरकर, पिन दाबत बसलात ते पाच-सात सेकंदच महागात पडले. कोन एका बाजूला जाऊन थांबला की डोळे मिटून मेन स्विच. बाकी सगळं नंतर.

मी नाशिक रोडला पस्तीस वर्षं रेडिओ-अ‍ॅम्प दुरुस्त केले. पूर्वीच्या २एन३०५५ वाल्या मशिनींना हा रोग नव्हता. त्या एकाच सप्लायवर चालायच्या, आउटपुटला अर्धा सप्लाय उभा असायचा, म्हणून स्पीकरच्या आधी २२०० मायक्रोफॅरडचा एक जाडजूड कॅपॅसिटर घालावाच लागायचा. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी डीसी (एकाच दिशेचा करंट) त्या कॅपॅसिटरपाशी अडायचा. ८ ओहमला २२०० म्हणजे ९ हर्ट्झच्या आसपास कट, आवाजाला फरक शून्य. चालू करताना कॅपॅसिटर चार्ज होताना एक 'धाप्' यायची तेवढीच.

मग दुहेरी सप्लाय आला, तो कॅपॅसिटर गेला, बेस सुधारला, आणि स्पीकर थेट ट्रान्झिस्टरच्या तोंडी गेला. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये वरचा ५२०० शॉर्ट झाला म्हणजे अख्खे ४२ व्होल्ट कॉईलवर. ८ ओहमच्या वूफरची कॉईल डीसीला ६ ओहम भरते. करा भागाकार.

---

सई_अंबड | सोमवार, सकाळी ९:१५

काकांचा भागाकार मी पुरा करते. ४२ ला ६ ने भागून ७ अ‍ॅम्पिअर. ४२ गुणिले ७ म्हणजे जवळपास २९४ वॉट, आणि सगळेच्या सगळे उष्णता. गाणं वाजताना कोन हलतो, कॉईलभोवती हवा खेळते, शिवाय सरासरी पॉवर पीकच्या मानाने बरीच कमी असते. डीसीत कॉईल चुंबकाच्या गॅपबाहेर जाऊन थिजते. हवा नाही, हालचाल नाही. इस्त्री पालथी ठेवल्यासारखं.

@मिसळप्रेमी, फ्यूजबद्दल. फ्यूजवर ५ लिहिलंय म्हणजे तो ५.१ ला उडतो असं नाही. काचेच्या छोट्या आयईसी फ्यूजने दीडपट करंटवर निदान एक तास टिकायचं असतं, आणि 'फास्ट' प्रकारालाही २.१ पटीला अर्ध्या तासापर्यंत सवलत आहे. ५ च्या फ्यूजमधून ७ गेले म्हणजे १.४ पट. त्याने नियमाप्रमाणेच वागून दाखवलं. स्पीकरच्या वायरीत ३ चा टाकला तर २.३ पट होतात, तरी तो किती सेकंदांत जाईल याचा भरवसा नाही. शिवाय बारीक फ्यूज बेसच्या ठोक्याबरोबर तापतो-निवतो, त्याचा रेझिस्टन्स बदलतो, आणि ते आवाजात मिसळतं.

रेल फ्यूज ठेवायचेच, पण ते आग लागू नये म्हणून. स्पीकरसाठी नाहीत. उलट एकाच बाजूचा उडाला तर अ‍ॅम्प दुसऱ्या रेलकडे झुकून स्वतःच डीसी ओतू शकतो.

(मी अंबडला पॅनेलच्या कंपनीत आहे. दिवसभर रिले आणि कॉन्टॅक्टरच. ऑडिओ हा फक्त छंद, त्यामुळे मीठ टाकून वाचा.)

---

तर्रीदार_६३ | सोमवार, दुपारी १:२०

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे पण तोच बोर्ड आहे, आता झोप लागायची नाही.

---

जुना_मिस्त्री | सोमवार, रात्री ८:०५

दोन वाटा आहेत. दोन्हींत आउटपुट आणि स्पीकरच्या मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. ओढला की स्पीकर जोडतो, सुटला की तोडतो.

एक, यूपीसी १२३७. एनईसीची जुनी आठ पायांची चिप, ह्याच कामासाठी बनवलेली. दुसऱ्या पायाला डीसी ओळखते, सातव्याने चालू होताना उशीर लावते, चौथ्या पायाला ट्रान्सफॉर्मरची एसी द्यायची म्हणजे लाईट गेल्या क्षणी रिले सोडते. सहाव्याला रिले. तयार बोर्ड दोनशेच्या आसपास मिळतो. मात्र नकली चिपा फार. मला एक अशी मिळाली होती की पॉझिटिव्ह डीसीला सोडायची आणि निगेटिव्हला गप्प!

दुसरी वाट, सुटे ट्रान्झिस्टर. मला हीच आवडते, कारण बिघडली तर गल्लीतल्या दुकानातल्या मालावर उभी राहते. दोन्ही चॅनेलच्या आउटपुटहून एकेक २२ के (किलोओहम) रेझिस्टर एका बिंदूला आणा. तिथून ग्राउंडला दोन इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर पाठीला पाठ, म्हणजे निगेटिव्हला निगेटिव्ह जोडून. मग बीसी ५४७ ट्रान्झिस्टर दोन. पहिल्याचा बेस त्या बिंदूला, एमिटर ग्राउंडला, तो पॉझिटिव्ह पकडतो. दुसऱ्याचा उलट, एमिटर बिंदूला आणि बेस ग्राउंडला, तो निगेटिव्ह पकडतो. दोघांचे कलेक्टर एकत्र करून रिले ड्रायव्हरच्या तोंडाशी. ०.६५ व्होल्ट इकडे किंवा तिकडे झाला की ड्रायव्हर उपाशी, रिले बाहेर.

उशिरासाठी १०० के मधून ४७ मायक्रोफॅरड भरा, पुढे १५ व्होल्टचा झेनर, पुढे टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर. दोन-सव्वादोन सेकंद मिळतात. तोवर अ‍ॅम्प जागेवर बसलेला असतो, चालू करतानाची धाप स्पीकरपर्यंत जात नाही.

एक अनुभवाची गोष्ट. दोन्ही २२ के सारखे घालू नका. एक चॅनेल अधिक ४२ ला आणि दुसरा उणे ४२ ला एकदम गेला तर बेरीज शून्य, आणि प्रोटेक्शन हाताची घडी घालून बघत बसतं. एक २२ आणि एक ३३ घातला की अशा वेळीही बिंदूवर साडेआठ व्होल्टच्या जवळपास उरतात. चॅनेलमागे वेगळा डिटेक्टर असेल तर उत्तमच.

---

इंदिरानगरकर | बुधवार, रात्री १०:४५

काका, तुमचं सर्किट व्हेरो बोर्डवर उतरवलं. रिले १२ व्होल्टचा घरात होता, म्हणून ४२ व्होल्टवरून ७८१२ रेग्युलेटरने बारा काढायला गेलो. चालू केलं आणि 'फट्'. ७८१२ च्या पोटात खड्डा. 🤦

---

सई_अंबड | बुधवार, रात्री ११:०२

७८१२ ला इनपुट जास्तीत जास्त ३५ व्होल्ट. ४२ दिल्यावर त्याने जीव देणं रास्तच.

२४ व्होल्टचा रिले आणा. छोट्या चौकोनी रिलेची २४ व्होल्टची कॉईल साधारण १६०० ओहमची असते, म्हणजे १५ मिलिअ‍ॅम्पिअर. उरलेले १८ व्होल्ट खाण्यासाठी कॉईलच्या सिरीजला १.२ के. उष्णता पाव वॉटच्या थोडी वर, १ वॉटचा घाला आणि विसरा. रेग्युलेटर लागतच नाही. फक्त रिले सुटलेला असताना ट्रान्झिस्टरवर पूर्ण ४२ असतात हे ध्यानात ठेवा. टीआयपी १२२ ला १०० पर्यंत चालतं.

आणि हा सप्लाय १०,००० च्या मोठ्या कॅपॅसिटरवरून घेऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकावरून वेगळा डायोड, ४७ मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट, बस. लाईट गेली की हा छोटा कॅपॅसिटर पाव-अर्ध्या सेकंदात रिकामा होतो आणि रिले सुटतो, मोठे अजून भरलेलेच असतात. त्यामुळे अ‍ॅम्प मरताना जो 'घुर्रर्र-टप्' आवाज काढतो तोही स्पीकरला ऐकू येत नाही. श्रावण-भाद्रपदात पाऊस-वाऱ्याने लाईट दिवसातून चारदा डोळा मारते, तेव्हा हे फार कामाला येतं.

कॉईलवर उलटा १एन४००७ डायोड टाकलाच असेल. त्याच्या सिरीजला २४ व्होल्टचा झेनर उलट दिशेने टाका. नुसत्या डायोडने कॉईलचा करंट त्यातच फिरत राहतो आणि रिले रेंगाळत सुटतो. इथे तर आपण मिलिसेकंदांसाठी भांडतोय.

---

ओढा_स्टेशन | गुरुवार, सकाळी १०:३०

धागा पळवतोय, माफी. मी कारच्या अ‍ॅम्पच्या चिपवर (टीडीए ७३७७, ब्रिज केलेली) असाच तयार बोर्ड लावला. रिले ओढतच नाही. बोर्ड बदलून आणला, तरी तेच.

---

जुना_मिस्त्री | गुरुवार, सकाळी १०:५५

बोर्ड बिचारा बरोबर आहे. ब्रिजमध्ये स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंडला नसते, दोन्ही टोकांना अर्धा सप्लाय म्हणजे सहा-सात व्होल्ट कायम उभे. बोर्ड ग्राउंडच्या तुलनेत मोजतो, त्याला तो डीसी दिसतो, तो नाही म्हणतो. तुम्हाला दोन टोकांमधला फरक मोजणारं सर्किट हवं. दुकानदाराला बोर्ड परत देऊ नका, त्याची चूक नाही.

---

इंदिरानगरकर | गुरुवार, रात्री ११:५०

नवीन भानगड. २४ चा रिले बसवला, दोन सेकंदांनी छान 'टक्' करून ओढतो. भजन, बातम्या, बासरी, सगळं ठीक. मग मुलाने नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला रिले टक्-टक्-टक्! ताशा वाजतो, ढोल गायब. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचं मशीन ढोलाला घाबरतं."

आमच्या गावात राहून नाशिक ढोल न वाजवणारा अ‍ॅम्प कुठे तोंड दाखवणार?

---

मिसळप्रेमी | गुरुवार, रात्री ११:५८

😂😂 हा धागा मिरवणुकीत ट्रॅक्टरवर लावला पाहिजे.

---

सई_अंबड | शुक्रवार, सकाळी ८:४०

पाठीला पाठ कितीचे कॅपॅसिटर घातलेत? काकांनी आकडा लिहिलाच नव्हता.

---

इंदिरानगरकर | शुक्रवार, सकाळी ९:०५

ड्रॉवरमध्ये होते ते. १० मायक्रोफॅरडचे दोन.

---

सई_अंबड | शुक्रवार, दुपारी १:५०

हेच. दहाचे दोन पाठीला पाठ म्हणजे पाच. दोन्ही चॅनेलला गाण्यातला बेस सारखाच असतो तेव्हा दोन २२ के मिळून ११ के दिसतात (३३ वाला प्रकार सध्या बाजूला ठेवू). ११ के आणि ५ मायक्रोफॅरड, टाइम कॉन्स्टंट ०.०५५ सेकंद. आता ८० हर्ट्झचा ठोका ३६ व्होल्ट पीकने आला, तर तो २७-२८ पटीने दबून बिंदूवर १.३ व्होल्ट उरतो. तुमचा ट्रान्झिस्टर ०.६५ ला जागा होतो. म्हणजे प्रत्येक ठोका त्याला डीसी वाटतो.

२२० चे दोन घाला, मिळून ११०. मग २० हर्ट्झलाही पाव व्होल्टच्या आतच राहतं. ढोल कितीही बडवा.

"मग खरा डीसी आल्यावर उशीर होईल ना?" असं विचाराल. एक चॅनेल ४२ ला गेला, दुसरा शून्यावर, तर बिंदू २१ व्होल्टकडे धावायला लागतो. ०.६५ ओलांडायला त्याला ३८ मिलिसेकंद पुरतात. वर रिले सुटायचे दहा-एक धरा. पन्नास मिलिसेकंदांत कॉईल गरम होते, जळत नाही. तुमचा वूफर पाच-सात सेकंद तडफडला होता.

---

जुना_मिस्त्री | शुक्रवार, दुपारी २:३०

आकडा राहिला, माझी चूक. हाताला सवय असते, लिहायची नसते.

---

अ‍ॅनालॉग_ठाणे | शुक्रवार, रात्री ९:२०

रिलेच्या भानगडीत का पडता? दोन एन-चॅनेल मॉसफेट सोर्सला सोर्स जोडून लावा, गेट चालवायला फोटोव्होल्टाइक ऑप्टो. कॉन्टॅक्ट नाही, ठिणगी नाही, कार्बन नाही. आयआरएफ ५४०एन घेतला तर १०० व्होल्ट आणि ४४ मिलिओहम, दोन मिळून ८८. ८ ओहमपुढे काहीच नाही. याहून कमी रेझिस्टन्सचेही मिळतात.

---

जुना_मिस्त्री | शुक्रवार, रात्री ९:४५

मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. मग दार उघडंच. आणि तो ऑप्टो पंचवटी एक्सप्रेसने लॅमिंग्टन रोडला जाऊन आणा, नाहीतर पुण्याला पासोड्या विठोबापाशी शोधा. रिले रविवार कारंजावरून चालत आणता येतो.

---

अ‍ॅनालॉग_ठाणे | शुक्रवार, रात्री १०:०१

मान्य. पण रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात त्याचं काय?

---

सई_अंबड | शुक्रवार, रात्री ११:१५

ठाणेकरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. गेले चार दिवस मी हाच मुद्दा कधी काढू याचा विचार करत होते, कारण इथपर्यंत सगळं 'टक्' आवाजावर चाललंय. रिलेने टक् केलं म्हणजे त्याने करंट तोडला असं नाही.

इंदिरानगरकर, तुमच्या रिलेवर काय छापलंय ते भिंगातून वाचा. मी पैज लावते: १० अ‍ॅम्पिअर २५० व्होल्ट एसी, आणि त्याच्याखाली १० अ‍ॅम्पिअर २८ किंवा ३० व्होल्ट डीसी. तोच रिले, तेच कॉन्टॅक्ट, एसीला अडीचशे आणि डीसीला तीस. का? आपली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते. कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगीची आर्क उभी राहिली तरी पुढच्या शून्याला ती विझते. डीसीला शून्य नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत आर्क पेटली की ती तिथेच राहते, त्यातून करंट चालूच, आणि स्पीकर जळतच असतो. रिले बाहेरून सुटलेला दिसतो.

तुमच्याकडे ४२ व्होल्ट आणि सहा-सात अ‍ॅम्पिअर. छापलेल्या आकड्याच्या बाहेर. सुटेल किंवा नाही सुटणार, सांगता येत नाही.

उपाय साधा आहे, जोडणी बदलायची. स्पीकर मधल्या म्हणजे कॉमन कॉन्टॅक्टला. अ‍ॅम्पचं आउटपुट नॉर्मली ओपनला. आणि नॉर्मली क्लोज्ड (एनसी, रिले सुटलेला असताना जोडलेला), जो सगळे मोकळा सोडतात, तो थेट जाड वायरीने पॉवर सप्लायच्या ग्राउंडला. रिले सुटला की पाती ग्राउंडवर जाऊन बसते, स्पीकरची दोन्ही टोकं एक होतात. आर्क पेटलीच तर ती अ‍ॅम्पकडून ग्राउंडला जाते, स्पीकरमधून नाही. तिथे अडवायला कॉईलचे ६ ओहम नसतात, म्हणून करंट एकदम चढतो आणि तोच ५ चा फ्यूज, जो रविवारी निवांत बसला होता, क्षणात उडतो.

अ‍ॅम्प आणि स्पीकरची अदलाबदल करू नका! अ‍ॅम्प कॉमनला गेला तर प्रत्येक वेळी चालू करताना पहिले दोन सेकंद आउटपुट ग्राउंडला शॉर्ट. पाच पायांच्या चौकोनी रिलेत कॉमन बहुधा कॉईलच्या दोन पायांच्या मध्ये असतो, तरी मीटर लावून बघाच.

---

तर्रीदार_६३ | शनिवार, सकाळी ७:३०

ताई, पस्तीस-एक प्रतिसादांचा धागा असता तरी एवढा एक पुरला असता. +१

---

इंदिरानगरकर | शनिवार, रात्री १०:२०

सईताई, पैज जिंकलात. १० ए २५० एसी, १० ए ३० डीसी.

पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. स्पीकर लावून बघायची हिंमत नाही. म्हणून २००० वॉटच्या शेगडीची स्प्रिंग घेतली. २३० व्होल्टला २००० वॉट म्हणजे २६ ओहम, तिचा पाव भाग कापला, मीटरला साडेसहा ओहम. वूफरच्या कॉईलएवढा. फरशीच्या तुकड्यावर ठेवली. दुरुस्त केलेला अ‍ॅम्प बाजूला काढून नुसता सप्लाय घेतला, रेलमध्ये ५ चा फ्यूज, पुढे रिले, पुढे स्प्रिंग. डोळ्याला चष्मा, पायाखाली लाकडी पाट, बायको मेन स्विचपाशी उभी.

आधी जुनी जोडणी, एनसी मोकळा. पहिल्यांदा सोडला, सुटला, निळी ठिणगी दिसून गेली. दुसऱ्यांदाही सुटला. मी म्हटलं ताई उगाच घाबरवतात. तिसऱ्यांदा टक् झालं आणि रिलेच्या पारदर्शक डबीत निळं-पांढरं काहीतरी वेल्डिंगसारखं पेटून राहिलं. स्प्रिंग तांबडी होत चालली. डबीचं प्लास्टिक आतून पिवळं पडायला लागलं. मी "बंद!" ओरडलो, तिने बंद केलं, तरी कॅपॅसिटर रिकामा होईपर्यंत क्षणभर ते तसंच. फ्यूज शाबूत! परत शाबूत!

मग नवीन रिले, ताईंची जोडणी. पाच वेळा सोडला. चार वेळा नुसता सुटला. पाचव्यांदा 'टप्' असा दबका आवाज, फ्यूजच्या काचेत आरसा झाला, स्प्रिंग हाताला जेमतेम कोमट. रिलेचे कॉन्टॅक्ट उघडून बघितले, एकाला फोड आलाय. तो रिले आता फेकायचा. चाळीस रुपये गेले, साडेतीन हजार वाचले.

कोणी करून बघणार असेल तर: अधिक आणि उणे रेल मिळून ८४ व्होल्ट असतात, एक हात खिशात ठेवा. १०,००० चे कॅपॅसिटर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, १०० ओहम १० वॉटचा रेझिस्टर वायरीला बांधून ठेवा आणि चार-पाच सेकंद टेकवा.

---

जुना_मिस्त्री | शनिवार, रात्री १०:५०

शाब्बास. पस्तीस वर्षांत मी किमान शंभर रिले बसवले असतील आणि एनसी मोकळाच सोडला. गिऱ्हाईक परत आलं की "रिले चिकटला" म्हणायचो. आज कळलं काय चिकटत होतं.

आता निगेटिव्ह बाजूही तपासा. स्पीकर न लावता ९ व्होल्टची बॅटरी २२ के मधून एकदा सुलट, एकदा उलट. दोन्ही वेळा सुटला पाहिजे. आणि दुरुस्त केलेला अ‍ॅम्प पहिल्यांदा सिरीज बोर्डवर १०० वॉटच्या पिवळ्या बल्बमधूनच चालू करा. बल्ब लखलखून मंद झाला तर ठीक, पेटूनच राहिला तर आत अजून काही शॉर्ट आहे. एलईडी बल्ब चालणार नाही, उगाच लावून बसाल.

---

ओढा_स्टेशन | रविवार, सकाळी ११:१०

हे लावल्यावर ट्विटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) पण वाचतात का? माझे वर्षाला दोन जातात.

---

सई_अंबड | रविवार, सकाळी ११:४०

नाही. ट्विटरच्या आधी क्रॉसओव्हरचा कॅपॅसिटर असतो, डीसी तिथपर्यंत पोचतच नाही. तुमचे ट्विटर आवाज फाटेपर्यंत वाढवल्याने जातात. त्याला रिले नाही, कान लागतात.

---

इंदिरानगरकर | रविवार, रात्री ९:३०

बॅटरी सुलट, सुटला. उलट, सुटला. सिरीज बल्बवर अ‍ॅम्प चालू, बल्ब एकदा लखलखला आणि विझत गेला. आउटपुटला डीसी डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. कॅपॅसिटर २२० चे केले, एक रेझिस्टर ३३ के केला. मुलाने ढोल लावला, पूर्ण अकरा मिनिटं, रिले हूं नाही की चूं नाही. मधे खरंच लाईट गेली, तर टक् झालं आणि शांतता. खालच्या मजल्यावरचे आजोबा विचारायला आले, एवढ्यात बंद का केलं?

सध्या एका बाजूला जुना ८ इंची लावलाय. जळलेला १२ इंची फेकवत नाही. कोन, स्पायडर, चुंबक सगळं ठणठणीत आहे, फक्त कॉईल कोळसा. काका, नाशिक रोडला अजून कोणी कॉईल भरून देतं का?

---

जुना_मिस्त्री | रविवार, रात्री ९:५५

भरून देणारा एक होता, आता तो मोबाईल विकतो. तयार कॉईल मिळते, पण माप अचूक लागतं. डस्ट कॅप ब्लेडने कडेकडेने कापा, फाडू नका. फॉर्मरचा (कॉईल गुंडाळलेल्या नळीचा) आतला व्यास व्हर्निअरने घ्या, वाइंडिंगची उंची घ्या, किती थर आहेत ते बघा. गॅपमध्ये जळलेल्या वार्निशचे कण असतील, ते मास्किंग टेपची पट्टी दुमडून फिरवून काढा, फुंकर मारू नका.

बुधवारी दुपारी तीननंतर मी घरीच आहे. वूफर घेऊन या. आणि तो फोड आलेला रिले पण आणा, मला बघायचाय.